इंटरनेटवरची माहिती तपासायचा क्रम: आधी मालक, मग मजकूर

माहिती कुणी तपासत नाही, असं नाही. तपासतात सगळेच, फक्त उलट्या क्रमानं. रात्री पाऊस कोसळत असतो आणि ग्रुपवर जिल्हाधिकाऱ्यांचं पत्र येतं: ‘उद्या नागपूर जिल्ह्यातील सर्व शाळांना सुट्टी’. आधी मजकूर वाचला जातो, मग गोल शिक्का पाहिला जातो, मग सही. सगळं बरोबर दिसतं म्हणून पत्र चार ग्रुपांवर जातं, आणि तिथं गेल्यावर कुणीतरी विचारतं, ‘‘भाऊ, खरं आहे का हे?’’ शिक्का खरा असतो, सहीही खरी असते. पत्र मात्र दोन वर्षांपूर्वीचं असतं.

अभ्यासिकेच्या टेबलावर बसलं की हेच वेगवेगळ्या रूपांत समोर येतं. एमपीएससीच्या मुलांना परीक्षेची नवी तारीख टेलिग्रामवरून कळलेली असते. कुणाच्या बाबांना संत्र्यावर फवारायचं औषध व्हिडिओत सापडलेलं असतं, तर कुणाच्या आजीला गोळ्या बंद करण्याचा सल्ला. विषय वेगळे, चूक एकच: मजकूर आधी वाचायचा आणि तो कुणाचा हे नंतर, जमलंच तर, बघायचं. खालचा क्रम याच्या उलट आहे. मोबाइलवर सगळं होतं, लॅपटॉप असेल तर सोपं जातं.

## पूर्वतयारी: घाई नसताना करून ठेवायच्या गोष्टी

तपासण्याची वेळ येते तेव्हा डोकं शांत नसतं. म्हणून ब्राउझरमध्ये आजच काही पत्ते बुकमार्क करून ठेवा: नागपूर जिल्हा प्रशासन, महानगरपालिका, भारतीय हवामान विभागाच्या नागपूर केंद्राचं पान, महाराष्ट्र शासनाचं शासन निर्णयांचं संकेतस्थळ, तुमचं विद्यापीठ किंवा परीक्षा मंडळ, आणि तुमची बँक. बँकेचा पत्ता पासबुकवरून किंवा कार्डाच्या मागून बघून टाइप करा. शोधून उघडलेलं पान बुकमार्क करू नका.

मोबाइलवर मराठी कीबोर्ड हवा. ‘मराठीत बोलून शोधतो की’ असं म्हणणाऱ्यांनी तिसरा टप्पा नीट वाचावा. एक नोंदीचं अ‍ॅप किंवा साधी वही जवळ असू द्या.

## टप्पा १: प्रश्न लिहून काढा

शोधपट्टीत नव्हे, वहीत. एका वाक्यात, आणि त्या वाक्यात उत्तर येऊ द्यायचं नाही.

‘हळदीने मधुमेह बरा होतो’ असं शोधलं की हळदीने मधुमेह बरा होतो असं सांगणारीच पानं वर येतात. यंत्र तुमचेच शब्द जुळवून देतं. ‘मधुमेहात हळदीचा परिणाम’ असं शोधलं की निकाल बदलतात.

दुसरं म्हणजे प्रश्न नेमका हवा. ‘संत्र्याची गळ थांबवण्याचा उपाय’ म्हटलं की औषध विकणारे पुढे येतात. त्याऐवजी ‘आंबिया बहाराची फळं देठाकडून काळी पडून गळताहेत, कारण बुरशी, कीड की पाण्याचा ताण?’ असं लिहा. इथं उपायाआधी कारण विचारलंय. फळगळीची कारणं अनेक असतात आणि बुरशीवरचं औषध किडीवर चालत नाही, त्यामुळे हा क्रम चुकला तर पैसाही जातो आणि बहारही.

तपासा: तुमच्या प्रश्नाला ‘नाही’ किंवा ‘दुसरंच काहीतरी’ असं उत्तर येऊ शकतं का? येत नसेल तर प्रश्न पुन्हा लिहा.

## टप्पा २: माहितीचा मालक ठरवा

प्रत्येक माहितीचा कुणीतरी मालक असतो: ती निर्माण करणारा, आणि चुकली तर ज्याला जाब विचारता येतो असा. शोधायला लागण्याआधीच त्याचं नाव वहीत लिहायचं.

पावसामुळे शाळांना सुट्टी असेल तर मालक जिल्हाधिकारी. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून तो आदेश ते काढतात. तापमान आणि पावसाचा इशारा हवामान विभागाचा. परीक्षेची तारीख आयोगाची किंवा विद्यापीठाची, क्लासची नव्हे. संत्र्यासाठी नागपुरातच केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, कापसासाठी केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, आणि विदर्भातल्या बाकी पिकांसाठी अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. योजनेचा मालक तिचा शासन निर्णय काढणारा विभाग. योजना समजावून सांगणारा यूट्यूबर कितीही गोड बोलला तरी मालक नव्हे.

वर्तमानपत्र मालक कधी असतं? त्याच्या वार्ताहरानं स्वतः पाहून, विचारून बातमी दिली असेल तेव्हा. ‘सूत्रांनुसार’ किंवा ‘सोशल मीडियावर व्हायरल’ असं लिहिलं असेल तर ते फक्त निरोप्या.

सावध: मालक ठरवता येत नसेल, म्हणजे ‘अमेरिकेतील शास्त्रज्ञ’, ‘एक मोठे डॉक्टर’, ‘मंत्रालयातील अधिकारी’ इतकंच हाती असेल, तर पुढचे टप्पे करण्याचा त्रास घेऊ नका. ती माहिती तिथंच सोडा.

## टप्पा ३: शोध टाका, मराठीतले खड्डे ओळखून

इथं सगळ्यात जास्त लोक अडकतात, त्यामुळे जरा सविस्तर.

एकाच संकेतस्थळात शोधा. शोधपट्टीत इंग्रजी लिपीत ‘साइट’ हा शब्द, त्याला चिकटून अपूर्णविराम, त्याला चिकटून संकेतस्थळाचा पत्ता, मग एक जागा सोडून तुमचे शब्द. पत्ता संपेपर्यंत मध्ये कुठंही जागा सुटली तर हे चालत नाही. पत्त्याच्या जागी नुसतं ‘जीओव्ही डॉट इन’ दिलं तर त्या शेपटाच्या सरकारी पानांतच शोध होतो.

नेमकी शब्दरचना अवतरणचिन्हांत द्या. फिरत आलेल्या मजकुरातलं एखादं विचित्र वाक्य निवडून ते दुहेरी अवतरणात टाका. तेच वाक्य पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या शहराच्या नावानं फिरलेलं सापडलं तर काम तिथंच संपलं. नको असलेला शब्द वजाचिन्ह चिकटवून वगळता येतो.

शब्द सरकारी वापरा. आपण ‘जीआर’ म्हणतो, कागदावर ‘शासन निर्णय’ असतं. ‘परिपत्रक’, ‘अधिसूचना’, ‘शुद्धिपत्रक’, ‘मुदतवाढ’ हे शब्द टाकून बघा. बोलून शोधताना आपण बोलीतलेच शब्द वापरतो, म्हणून बोलून शोधणं इथं कमी पडतं.

लेखनभेद. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द काही पानांवर ‘शेतकर्‍यांना’ तर काहींवर ‘शेतकर्यांना’ असा टाइप झालेला असतो. डोळ्याला फरक किरकोळ, यंत्राला मात्र हे वेगळे शब्द वाटू शकतात. असे शब्द टाळा किंवा तिन्ही प्रकारे शोधा. आकड्यांचंही तसंच: पीडीएफमध्ये ‘२०२३’ देवनागरीत असेल आणि तुम्ही इंग्रजी आकड्यांत शोधलं, तर समोर असूनही सापडणार नाही.

जुन्या पीडीएफ. अनेक जुने मराठी कागद एकतर स्कॅन केलेले असतात, नाहीतर युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. पडद्यावर मराठी दिसतं, पण आतली अक्षरं यंत्राच्या लेखी भलतीच असतात. शब्द टाकून ती शोधात येत नाहीत. म्हणून ‘गूगलवर नाही म्हणजे असा निर्णयच नाही’ हा निष्कर्ष चुकीचा. अशा वेळी संकेतस्थळावर विभाग आणि तारीख निवडून यादी डोळ्यांनी वाचावी लागते. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही.

तिन्ही भाषांत शोधा. आरोग्य आणि तंत्रज्ञानाची बरीच मराठी पानं इंग्रजी किंवा हिंदीवरून यंत्रानं भाषांतर केलेली असतात. वाक्य अडखळलं की संशय घ्या आणि मूळ भाषेत शोधा. उलट बाजूनं, स्थानिक गोष्ट इंग्रजीत शोधत बसू नका.

## टप्पा ४: निकाल आले, लगेच बोट लावू नका

आधी यादी वाचा. वरचे काही निकाल जाहिराती असतात. ‘प्रायोजित’ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. सर्वात वर यंत्रानं तयार केलेला सारांश येत असेल तर तो उत्तर म्हणून घेऊ नका. चार पानांतले तुकडे जोडून तो बनतो आणि त्या चारपैकी एक जुनं असलं तरी वाक्य सफाईदारच उतरतं. त्यात दिलेले दुवे उघडून बघा, तेवढाच त्याचा उपयोग. चॅटबॉटचंही तेच. तो पुस्तकाचं नाव, पान क्रमांक, निकालाचा क्रमांक आत्मविश्वासानं सांगतो आणि कधीकधी तसं काही अस्तित्वातच नसतं.

आता पत्ता वाचा. सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ दिसत असेल तर त्यानंतरच्या दोन रेघा सोडून पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिथून मागे, डावीकडे वाचत या. रेघेच्या लगेच आधी ‘जीओव्ही डॉट इन’ असेल तर पान सरकारी. तीच अक्षरं पत्त्याच्या सुरुवातीला किंवा मध्ये असतील आणि शेवटी दुसरंच काही असेल, तर पान कुणाचंही असू शकतं. ‘जीओव्ही डॉट इन’ सरकारी संस्थांनाच मिळतं, ‘एसी डॉट इन’ शिक्षण आणि संशोधन संस्थांना. ‘डॉट ऑर्ग’, ‘डॉट कॉम’ आणि नुसतं ‘डॉट इन’ पैसे भरणाऱ्या कुणालाही मिळतं. ‘डॉट ऑर्ग म्हणजे सेवाभावी संस्था’ हा समज सोडा. कुलपाच्या चिन्हाचा अर्थही एवढाच की तुमच्या आणि त्या पानाच्या मध्ये कुणी डोकावू शकत नाही; पान प्रामाणिक आहे असा नाही.

सावध: बँक, गॅस, कुरिअर किंवा रेल्वे परताव्याचा ग्राहक सेवा क्रमांक शोधून मिळवू नका. शोधाचे निकाल हे नकली क्रमांक पेरणाऱ्यांचं आवडतं ठिकाण. क्रमांक पासबुक, बिल किंवा कार्डावरून घ्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता कमी.

## टप्पा ५: पान सोडा, पानाविषयी बाहेर विचारा

पान उघडलं की ‘आमच्याविषयी’ वाचून लोक समाधान मानतात. स्वतःविषयी कोण वाईट लिहील? नवा टॅब उघडा आणि त्या संस्थेचं किंवा लेखकाचं नाव टाका. दुसरे तिच्याविषयी काय म्हणतात? तिला पैसा कुठून येतो? लेखाखाली तेच औषध, तोच कोर्स विकायला आहे का?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी इतिहासकार, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना एकच काम देऊन पाहिलं होतं. शिकलेली माणसंही पानाची मांडणी आणि बोधचिन्ह बघत पानावरच रेंगाळली. तपासनीस मात्र झटकन बाहेर पडून दुसऱ्या टॅबांत शोधू लागले आणि कमी वेळात बरोबर निष्कर्षाला पोचले.

विकिपीडिया या टप्प्याला चांगला. मजकुरावर नव्हे, तळाच्या संदर्भांवर जा आणि ‘इतिहास’ उघडून वादाचं वाक्य कधी घुसलं ते बघा. फिरता दावा केंद्र सरकारविषयी असेल तर पीआयबीच्या (केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाच्या) तथ्यतपासणी विभागातही बघा. राज्याच्या बाबी तिथं शोधत बसू नका.

## टप्पा ६: मुळापर्यंत जा

शासन निर्णय. शेवटच्या पानावर ‘सदर शासन निर्णय... संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक...’ असं वाक्य असतं. त्या लांबलचक आकड्याचे पहिले आठ अंक तारखेचे: वर्ष, महिना, दिवस. कागदावर छापलेल्या तारखेपासून ते फार दूर असतील तर तिथंच थांबा. संकेतांक शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर टाका. सापडला, तर उतरवून घेतलेली प्रत आणि ग्रुपवर आलेली प्रत शेजारी ठेवून ओळीनं ओळ जुळवा. खऱ्या कागदातली एक रक्कम किंवा एक तारीख बदलणं अवघड नाही.

मग सुरुवातीचा ‘वाचा’ हा भाग बघा. याआधीच्या कोणत्या निर्णयांचा संदर्भ या निर्णयाला आहे, ते क्रमांक-तारखेसह तिथं दिलेलं असतं. ही साखळी मागे जाते. पुढची साखळी, म्हणजे या निर्णयानंतर बदल झाले का, ती तुम्हालाच शोधायची. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचा पहिला निर्णय २८ जून २०२४ चा. त्यात कमाल वय ६० होतं आणि अर्जाची मुदत १५ जुलैपर्यंत. जुलैच्या सुरुवातीलाच वय ६५ झालं आणि मुदत ३१ ऑगस्टपर्यंत गेली. पहिला निर्णय शंभर टक्के अस्सल होता. पण जुलैत त्यावर विसंबून ६२ वर्षांच्या बाईला ‘तुम्ही बसत नाही’ असं सांगणारा चुकीचंच सांगत होता.

वर्तमानपत्राचं कात्रण. त्या तारखेचा, त्या आवृत्तीचा ई-पेपर उघडा. नागपूर आवृत्तीत नसलेली बातमी अमरावतीत असू शकते, म्हणून आवृत्ती बघायची.

‘संशोधनात सिद्ध झाले’. शोधनिबंधाचं नाव मिळवा. प्रयोग उंदरांवर की माणसांवर? किती जणांवर? कशाशी तुलना करून? वैद्यकीय निबंध पबमेडवर (वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत) शोधला की मागे घेतला गेला असल्यास तसा शेरा तिथं दिसतो. आणि यातलं काहीही वाचून चालू असलेली गोळी बंद करायची नाही; निबंधाचं नाव लिहून डॉक्टरांकडे न्या.

## टप्पा ७: फोटो आणि व्हिडिओ

फोटो उलट शोधात टाका, म्हणजे शब्दांऐवजी फोटोच देऊन तो आधी कुठं आलाय ते शोधा. व्हिडिओ असेल तर थांबवून तीन-चार वेगळ्या क्षणांचे स्क्रीनशॉट घ्या आणि ते एकेक टाका. चेहऱ्यापेक्षा इमारत, पाटी, पूल असलेली चौकट निवडा.

मग डोळे वापरा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्यानंतर शहराची भीती खरी आहे, आणि तिच्यावरच जुने व्हिडिओ ‘आत्ताचा’ म्हणून चालतात. वाहनांच्या पाट्या बघा: शहरात एमएच ३१ आणि ४९, ग्रामीणमध्ये ४०. दुकानांच्या पाट्या कुठल्या भाषेत आहेत, मेट्रोचे खांब दिसताहेत का, झाडं आणि कपडे त्या ऋतूतले आहेत का, मागचे लोक कुठली बोली बोलतात. पाट्या गुजरातीत असतील तर नागपूरचं शंकरनगर कितीही ओळखीचं वाटलं तरी ते शंकरनगर नाही.

तपासा: व्हॉट्सअ‍ॅपवर दुहेरी बाण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असा शेरा आहे? मग ‘माझ्या भाच्यानं स्वतः काढला’ हे वाक्यही फॉरवर्डबरोबरच आलेलं आहे.

## टप्पा ८: मालकही चुकतो, शेजारचा आकडा बघा

इतकं केल्यावर माणूस निश्चिंत होतो, आणि नेमकं इथं फसतो. ३० मे २०२४ ला नागपुरात ५६ अंश तापमान नोंदलं गेल्याची बातमी देशभर झाली. आकडा कुणी रचलेला नव्हता. हवामान विभागाच्याच स्वयंचलित केंद्रावरचा होता, रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या जागेवरचा. मालक बरोबर, कागद अस्सल, तारीख आजची.

तरी दोन प्रश्न उरत होते. पहिला: हा आकडा शक्य आहे का? जगातलं नोंदलं गेलेलं सर्वोच्च तापमान ५६.७ अंश, १० जुलै १९१३ ला कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीत. रामदासपेठ त्याच्या इतकी जवळ गेली? दुसरा: शेजारी काय दिसतं? सोनेगावचं केंद्र ५४ दाखवत होतं, पण त्याच दिवशी खापरीच्या कापूस संशोधन संस्थेतलं आणि रामटेकचं केंद्र ४४ च्या आसपास होतं. दोन केंद्रं एक सांगतात आणि दोन दुसरं, तेव्हा बहुमत मोजायचं नसतं. मालकाच्या खुलाशाची वाट बघायची असते. तो आला: संवेदक (सेन्सर) बिघडला होता, आकडा ग्राह्य नाही. खुलाशाची बातमी अर्थातच पहिल्या बातमीइतकी फिरली नाही.

म्हणून कोणताही डोळे विस्फारणारा आकडा आला की आजवरचा उच्चांक शोधा आणि शेजारच्या किमान दोन ठिकाणचे आकडे बघा. निकालाची टक्केवारी असो, कळमना बाजारातला संत्र्याचा भाव असो की पावसाचे मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी ‘खुलासा’ आणि ‘शुद्धिपत्रक’ हे शब्द जोडून पुन्हा एकदा शोधा.

## टप्पा ९: निर्णय घ्या आणि नोंद ठेवा

निकाल तीनच: खरं, खोटं, अजून कळत नाही. तिसरा लिहायला लोक लाजतात, पण निम्म्या वेळा तोच बरोबर असतो.

वहीत चार गोष्टी: प्रश्न, मालक, मूळ कागदाचा पत्ता, बघितल्याची तारीख. पान उद्या बदललं किंवा काढून टाकलं तर काय? महत्त्वाचं असेल तर पीडीएफ म्हणून उतरवा आणि पत्ता इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करा. बदललेल्या पानाचं जुनं रूपही तिथंच मिळू शकतं.

पुढे पाठवायचं असेल तर चित्र पाठवू नका, मूळ पानाचा दुवा पाठवा आणि वर तारीख लिहा. ग्रुपवर चुकीचं काही आलं असेल तर वडीलधाऱ्यांना सगळ्यांसमोर ‘फेक आहे’ म्हणू नका, ते हट्टाला पेटतात. वेगळा मेसेज करा: ‘‘काका, हे पत्र २०२३ चं दिसतंय, आजचं पत्र जिल्ह्याच्या साइटवर शोधलं, अजून काही आलेलं नाही. तुम्हीच ग्रुपवर सांगा ना.’’ बहुतेक काका सांगतात.